बेळगावात नवीन आहात? आधी चौकातला फळा वाचा

बदली होऊन, लग्न होऊन किंवा कॉलेजसाठी बेळगावात आलेली माणसं दोन-तीन महिन्यांत ठरलेली तक्रार करतात. हवा छान, इथली कुंदा ही मिठाई छान, पण संध्याकाळी या गावात काही होत नाही. होतं हो, भरपूर होतं. फक्त ते तुमच्या मोबाइलवर येत नाही. इथले बहुतेक कार्यक्रम फुकट असतात, त्यांची जाहिरात चौकातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेली असते, आणि पत्रिकेच्या तळाशी छापलेलं 'अगत्याचे निमंत्रण' कुणाच्याही ओळखीवाचून लागू असतं. नवख्या माणसाला ते पटत नाही, म्हणून तो दारातून परत जातो. तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी एक बारीक गोष्ट. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं. बसच्या पाटीवर, रेल्वेच्या तिकिटावर तेच दिसेल. घरात, बाजारात, मराठी पत्रिकेवर मात्र बेळगाव. दोन्ही वाचायची सवय ठेवा, गोंधळ होणार नाही.

पहिलं काम : फळा आणि पेपर

सकाळी चहाला घराबाहेर पडा. मारुती गल्ली, गणपत गल्ली, रामदेव गल्ली, खडेबाजार हा पट्टा पायी फिरा. गाडी घेऊन जाल तर फळा दिसणार नाही, समोरची गाडीच दिसेल. मंडळांचे आणि वाचनालयांचे फळे नजरेच्या उंचीवर असतात. विषय, वक्ता, वेळ, स्थळ, बास. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण संध्याकाळपर्यंत पाऊस तो फळा पुसून टाकतो. जून ते सप्टेंबर आमच्या पावसाची खात्री देता येत नाही.

मग पेपर. 'तरुण भारत' बाबूराव ठाकूरांनी १९१९ साली इथंच काढला. 'पुढारी' आणि 'सकाळ'ही गावात मिळतात. पहिलं पान सोडा, आतलं स्थानिक पान उघडा. तिथल्या बारीक टाइपातल्या चौकटीत उद्याच्या व्याख्यानापासून भजन स्पर्धेपर्यंत सगळं सापडतं. माझ्या शेजारच्या तात्यांकडे ही कात्रणं वहीत चिकटवलेली आहेत, चाळीसेक वर्षांची. गावाचा असा इतिहास कुठल्या ग्रंथात मिळायचा नाही.

दुसरं : वाचनालयाचं सभासदत्व घ्या

माझं ऐकाल तर किल्ला नंतर बघा, आधी वाचनालयात जा. सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे, म्हणजे सत्तावनच्या उठावाच्याही आधीचं. शहापूरला सरस्वती वाचनालय आहे. पावती फाडा, पुस्तक घ्या, आणि पेपर वाचायच्या टेबलाशी अर्धा तास बसा. तिथली म्हातारी मंडळी पहिल्या दिवशी तुमच्याकडे बघणारही नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारतील, "कुठल्या गल्लीत उतरलायसा?" या प्रश्नाला अपार्टमेंटचं नाव सांगू नका, कुणाला कळत नाही. गल्ली सांगा, नाहीतर जवळचं रेल्वे गेट सांगा. टिळकवाडीत पत्ते पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असेच सांगतात.

व्याख्यानमालांचा हंगाम थंडीत असतो. बॅरिस्टर नाथ पै यांच्या नावाची व्याख्यानमाला आवर्जून ऐका. नाथ पै वेंगुर्ल्याचे, पण शिकले बेळगावात, आणि त्यांचा शेवटही इथलाच. १७ जानेवारीला इथं सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचा दिन पाळतात. १९७१ साली त्याच दिवशी ते इथं बोलले आणि त्यानंतर काही तासांत गेले. जुनी माणसं ही आठवण सांगताना आवाज खाली आणतात. तेव्हा मध्ये प्रश्न विचारू नका.

याच गावात १९२९, १९४६ आणि २००० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनं भरली. १९४६ चं, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालचं, संयुक्त महाराष्ट्राच्या ठरावामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. इंदिरा संत इथं राहिल्या, लिहीत गेल्या. पु. ल. देशपांडे काही काळ राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. म्हणून इथला साधा वाटणारा श्रोताही कच्चा नसतो. वक्त्यानं ओळ चुकवली तर मागच्या रांगेतून दुरुस्ती येते.

तिसरं : गाण्याला कसं बसायचं

कुमार गंधर्वांचा जन्म ८ एप्रिल १९२४ चा, सुळेभावीचा. सुळेभावी बेळगावपासून हाकेवर आहे. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. कन्नड घरातलं हे पोर पुढं माळव्यात जाऊन मराठी माणसाच्या कानात कायमचं बसलं. त्यांच्या नावाचं रंगमंदिर शहरात आहे. पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) कागवाडचे, पण आयुष्यभर बेळगावात पेटी शिकवत राहिले. 'हार्मोनियम' म्हणालात तरी चालतं, पण 'पेटी' म्हणालात तर लोक जवळ सरकून बसतात. गल्लीबोळांतून संध्याकाळी पेटीचे सूर येतात, ते बरेचसे त्यांच्या शिष्यांचे, नाहीतर शिष्यांच्या शिष्यांचे.

आर्ट्स सर्कलसारख्या संस्था शास्त्रीय गायनाच्या मैफली घेतात. कोनवाळ गल्लीतलं लोकमान्य रंगमंदिर, टिळकवाडीतला वरेरकर नाट्य संघ, खानापूर रोडवरचं मराठा मंदिर ही नावं पत्रिकांवर वारंवार दिसतील. वरेरकर संघातच चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्या नावाचं कलादालन आहे. रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. नाटकाला लवकर पोचलात तर आधी तिथं डोकवा.

मैफलीचे नियम कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. साहित्याचा कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू होतो, गाण्याचा वेळेवर. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तरी त्या कुणासाठी तरी ठेवलेल्या असतात. खाली सतरंजीवर जागा असेल तर तिथंच बसा, ऐकायलाही तिथंच बरं. आलाप चालू असताना उठू नका. बंदिश संपून कलाकार तंबोरे जुळवायला लागला की मग उठा. टाळ्या कधी द्यायच्या ते कळलं नाही तर शेजारच्याची मान बघा, समेवर ती हलतेच. मध्यंतरात चहा देतात, तिथं ओळखी होतात. त्या पाच मिनिटांत मोबाइल बघणारा माणूस पुढच्या वर्षीही नवखाच राहतो.

चौथं : एक सकाळ इतिहासाला द्या

रविवारी सकाळी सातला किल्ल्याच्या दारात उभे राहा. खंदक ओलांडून आत गेलं की किल्ला नाही, वस्तीच लागते, शिवाय लष्कराचा भाग. फोटो कुठं काढायचा नाही याच्या पाट्या आहेत, त्या पाळा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र या गावात आहे, हे विसरून चालत नाही.

आत आधी कमल बस्ती बघा. काळ्या दगडातलं हे जैन मंदिर १२०४ साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं बांधवलं. मंडपात मध्यभागी उभे राहा आणि वर बघा. छताला उलटं लटकलेलं दगडी कमळ आहे, त्यावरून नाव. गाभाऱ्यात नेमिनाथ. त्या काळच्या बेळगावच्या दोन शिळा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांवरचा लेख जुन्या कन्नडमध्ये आहे, आणि गावचं जुनं नाव वेणुग्राम. इथला कुणीही, मराठी असो की कन्नड, "हे गाव मुळात आमचंच" म्हणायला लागला की मला ते छत आठवतं. बांधणारे रट्ट, देव जैनांचा, लेख कन्नड, आणि आज झाडलोट करणारा तुमच्याशी मराठीत बोलतो.

तिथून सफा मशीद जवळच आहे, आणि रामकृष्ण आश्रमही. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले. आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांच्या घरी उतरले, मग किल्ल्यात हरिपद मित्र या वनअधिकाऱ्याकडे. त्या घराच्या जागी आज आश्रम आहे. किल्ल्यातून बाहेर पडून रिसालदार गल्लीत चालत जा, म्हणजे त्यांची वाट उलटी चालल्यासारखं होईल.

तिसरा टप्पा टिळकवाडी. डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन इथं भरलं. गांधीजी आयुष्यात एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते हेच. आलेल्या लोकांच्या पाण्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर अजून आहे, शेजारी वीरसौध हे त्या अधिवेशनाचं स्मारक. व्यवस्था पाहणारे गंगाधरराव देशपांडे हुदलीचे. त्यांच्या गावी खादीचं काम आजही चालतं. त्या अधिवेशनात गांधीजींसमोर एक अकरा वर्षांची मुलगी गायली होती. पुढं तिला सगळे गंगूबाई हनगल म्हणून ओळखू लागले. लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापनाही १९१६ च्या एप्रिलात याच गावात केली, पण ती आठवण सांगणारं ठिकाण नवख्याला सहज सापडत नाही, म्हणून ते आज सोडा.

एवढं केलं की भूक लागते. नाश्ता करा, घरी जा. लोक पहिल्याच दिवशी येळ्ळूरचा राजहंसगडही उरकायला बघतात आणि मग कशाचंच काही आठवत नाही.

दुसऱ्या एखाद्या रविवारी खानापूर गाठा. पुढं नंदगड. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ ला इथं फाशी दिली. समाधीवर वड आहे, आणि त्याला पाळणे बांधून नवस बोलणारी माणसं आहेत. तिथून हलशी, म्हणजे कदंब राजांच्या काळातली पलाशिका. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकात उभं राहून मागं वळलात की दुसरा देव तुमच्याकडे बघत असतो. देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला "यात्रा कधी असते आजोबा?" एवढंच विचारा. बाकीचं तो आपणहून सांगेल, तासभर तरी. पण परतीची बस किती वाजता, हे उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या. कर्नाटकातल्या बायकांना जून २०२३ पासून साध्या सरकारी बसला तिकीट नाही, मात्र इथला पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ हवं. नुकत्याच सासरी आलेल्या मुलींनी आधार कार्डवरचा पत्ता आधी बदलून घ्यावा.

पाचवं : गावचं संमेलन, आणि हे चुकवायचं नाही

मला विचाराल तर बेळगावचं सगळ्यात मोठं वैभव शहरात नाही, भोवतालच्या खेड्यांत आहे. येळ्ळूर, कडोली, उचगाव, कुद्रेमनी, सांबरा, निलजी, बेळगुंदी, तिकडं निपाणीकडचं कारदगा. ही गावं स्वतःची मराठी साहित्य संमेलनं भरवतात. पैसे गावचे, मांडव गावचा, स्वयंपाकही गावचा. थंडीतले रविवार धरून पेपरवर लक्ष ठेवा.

जायचं ते सकाळी, उद्घाटनाच्याही आधी. ग्रंथदिंडी बघितली नाही तर संमेलन बघितलं नाही. पालखीत ज्ञानेश्वरी आणि गाथा, पुढं शाळेच्या पोरांचं लेझीम, मागं टाळ-मृदंग, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, दारोदारी सडा-रांगोळी. घरातली आजी पालखी आली की ती वाहणाऱ्यांच्या पायावर पाणी घालते, ओवाळते. पुस्तकाला ओवाळणारं गाव मी दुसरीकडं फारसं बघितलं नाही.

दिंडीत बाजूला उभं राहून व्हिडिओ काढू नका, चालायला लागा. कुणीतरी हातात टाळ देईल. येत नसले तरी घ्या. मांडवात मग अध्यक्षांचं भाषण, जे लांबतं. पाहुण्यांचे सत्कार, जे त्याहून लांबतात. शाल, श्रीफळ, नारळाची पोती रिकामी होईपर्यंत. धीर धरा. जेवणानंतर कथाकथन सुरू झालं की सगळं वसूल होतं. ऊस तोडून, जनावरं बांधून आलेली माणसं मांडी घालून बसलेली असतात, आणि विनोद कुठं पडला हे त्यांच्या हशावरून कळतं. शेवटी कविसंमेलन. त्यात शिक्षक असतात, पोस्टमन असतात, बारावीतली मुलगीही असते.

जेवणाला लाजू नका. "जेवून जावा" हा इथं आग्रह नाही, हुकूम असतो. पंगतीत बसा, भात-आमटी खा, आणि निघताना वर्गणीच्या टेबलावर झेपेल तेवढी पावती करा. पावतीवर नाव नीट लिहून घ्या, पुढच्या वर्षीची पत्रिका त्याच पत्त्यावर येते.

सहावं : तारखेवर जाऊ नका, तिथी बघा

माझा एक भाचा पुण्याहून शिवजयंतीची मिरवणूक बघायला म्हणून १९ फेब्रुवारीला आला. फोन न करताच. गावात कार्यक्रम होते, हारतुरे होते, पण ज्यासाठी तो आला ती चित्ररथ मिरवणूक नव्हती. बेळगावची ही मिरवणूक वैशाखातली. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवर गल्लीतली पोरंच मावळे होतात, अफजलखान होतात, आणि तो जिवंत देखावा चौकाचौकात करून दाखवत पहाट करतात. भाचा कुंदा घेऊन परत गेला. दुसऱ्या वर्षी तिथी विचारून आला.

मिरवणुकीच्या दिवशी गाडी घरी ठेवा, दुपारनंतर मधले रस्ते बंद होतात. एखाद्या ओळखीच्या घराचा कट्टा धरा. कानात घालायला कापूस न्या, विशेषतः लहान पोरं बरोबर असतील तर. ढोल-ताशापुरतं ठीक आहे, पण मधल्या एखाद्या मंडळाचं साउंड सिस्टीम काळीज हलवतं. मला ते आवडत नाही आणि मी तसं मंडळांच्या बैठकीत सांगतोही. ऐकत नाहीत.

गणपतीची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. आषाढात वडगावच्या मंगाईची यात्रा. शहापूर जुन्या सांगली संस्थानातलं, त्यामुळे रंग खेळायचा तिथला रिवाज वेगळा. शहरात धुळवड, तर शहापुरात रंगपंचमी. पांढरा शर्ट घालून चुकीच्या दिवशी तिकडं गेलात तर दोष माझा नाही. दिवाळीत मात्र रोज संध्याकाळी फिरा. मंडळांची पोरं माती, दगड, पोती घेऊन खरोखरीचे वाटावेत असे किल्ले करतात, आणि शेजारी उभं राहून प्रत्येक बुरुजाची माहिती पाठ सांगतात. त्यांना मध्येच थांबवलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

दोन दिवस वेगळे लक्षात ठेवा. १ नोव्हेंबरला एकीकडं कन्नड राज्योत्सव असतो, दुसरीकडं बेळगाव महाराष्ट्रात न गेल्याच्या निषेधाचा मराठी लोकांचा काळा दिन. त्या दिवशी नवख्यानं बाहेरगावच्या पाहुण्यांना बोलावू नये. आणि डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन सुवर्णसौधात भरतं, तेव्हा लॉज मिळत नाही.

सातवं : कन्नड कार्यक्रमालाही जा

हे काही मराठी मंडळींना रुचणार नाही, तरी लिहितो. गोकाक, मुडलगीकडं श्रीकृष्ण पारिजात हा रात्रभर चालणारा लोकनाट्याचा प्रकार आहे. कुलगोडच्या तम्मण्णाचं आणि कौजलगीच्या निंगम्माचं नाव त्यात आदरानं घेतात. भाषा कळली नाही तरी सत्यभामेचा रुसवा कळतो. ऑक्टोबरात कित्तूर उत्सव असतो. २३ ऑक्टोबर १८२४ ला राणी चन्नम्मानं कलेक्टर थॅकरेच्या फौजेचा पराभव केला, त्या विजयाचा. सौंदत्तीच्या यल्लम्माला आणि चिंचलीच्या मायक्काला तर अर्धा महाराष्ट्र येतो. चौंडकं या तंतुवाद्यावरची गाणी एकाच रात्री दोन्ही भाषांत ऐकायला मिळतात, कधीकधी एकाच कडव्यात.

तीन शब्द पाठ करा. "बर्री" म्हणजे या. "कुंद्री" म्हणजे बसा. "छलो" म्हणजे चांगलं. कार्यक्रम संपल्यावर कलाकाराला "छलो आत्री" म्हणालात की तो हात धरून चहाला नेतो. इथल्या मराठीचंही एक सांगून ठेवतो. "येतो खरं वेळ लागतंय" यातल्या 'खरं'चा अर्थ 'पण' असा आहे. पहिलं वर्षभर तुम्हाला वाटेल, ही माणसं उगाच शपथा का घेतात.

आणि मग : काम मागा

दोन-तीन कार्यक्रमांना सलग दिसलात की चौथ्याला लवकर जाऊन विचारा, "काय करू?" खुर्च्या लावणं, नोंदवहीवर सह्या घेणं, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं. भाषण करायला मागू नका, ते आपोआप येतं, नको तेव्हा. पत्रिका फेकू नका, एका फाइलला लावा, मागं कोण आलं, किती माणसं होती ते पेन्सिलीनं लिहा. म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं त्याच रात्री उतरवून ठेवा, सांगणाऱ्याला विचारून.

राहता राहिलं पायताण. मांडवाबाहेर अथणीच्या नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपला काढून आत जाऊ नका. पिशवीत घाला, नाहीतर जुन्याच घालून या. माझ्या दोनदा गेल्या. दुसऱ्यांदा त्या जागी जी जोडी उरली होती, ती एक नंबर लहान आहे, पण अजून वापरतोय.